एकच ब्रश

"लाव लोहचुंबक. तुझ्याच हातानं लाव," सूर्यभान शेट म्हणाला आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल, काळं लोहचुंबक त्यानं सोपानच्या तळहातावर आपटलं.

सोपाननं ते ग्रीलच्या बाजूच्या पत्र्याजवळ नेलं. खट्‌कन चिकटलं.

"चिकटलं का?"

"चिकटलं."

"मंग? स्टीलला लोहचुंबक चिकटत न्हाई, हे शेंबड्या पोराला बी ठाव हाय. माझा परदेशी पत्रा काढला आन् तेलाच्या डब्याचा ठोकला. कुठं इकलास?"

काष्टीचा बाजार होता त्या दिवशी. शेळ्या-बैल विकून, घेऊन परतणारी माणसं दौंड रस्त्यावरच्या या हॉटेलात भजी खायला थांबली होती. पंचवीस-तीस तरी असतील. त्यातली निम्मी सोपानला ओळखत होती, कारण त्याचं गाव इथून तीन कोसांवर. त्यांचे हात भज्यांवर थांबले. एखाद्याला चोर ठरवायला एवढा वेळही लागत नाही. पुरावा बाकीच्यांसाठी असतो. सोपानच्या भिंगारदिवे आडनावाला एक लोहचुंबक पुरतं.

"शेट, काही स्टीलला चिकटतं," सोपान म्हणाला. "चौदा वर्सं मी नागापूरच्या एमआयडीसीत दुधाच्या टाक्या पॉलिश केल्यात. त्यात लई प्रकार असत्यात. आता झाकनाला लावून बघा. चिकटनार न्हाई."

"झाकन ठेवलं आसंल तू. बाकीचं खाल्लं." मागं कुणीतरी हसलं. शेटला जोर आला. "आन् झाकन खरं हाय, तर ते कसं गंजलं? सांग की!"

झाकण गंजलं होतं, हे सोपानलाही दिसत होतं.

ही ग्रील म्हणजे गॅसवर चालणारी, झाकणाची मोठी शेगडी. खाली बिडाचे बर्नर, वर स्टीलची जाळी, त्यावर मांस-मासळी भाजायची. पुण्यात कुणा परदेशी साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात शेटनं ती उचलली. वीसेक वर्षांची जुनी. बर्नर गंजून बुजलेले, पाय सडलेले, वर काजळीचा बोटभर थर. तंदूर रस्त्यावर सगळ्यांकडं होता. ग्रील कुणाकडं नव्हती. नगर-दौंडची गाडीवाली माणसं आपल्याकडं वळतील, असा शेटचा हिशेब होता. महिन्यापूर्वी सोपाननं ती नागापूरच्या आपल्या शेडमध्ये नेऊन घासूनपुसून अशी काढली होती, की हॉटेलचा आचारी गोरक्षनाथ झाकणात बघून भांग पाडायचा.

आणि आता तिच्यावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके होते.

"मला न्हेऊ द्या," सोपान म्हणाला. "नीट करून आनतो."

"पुन्हा न्हेऊ देऊ? उरलंसुरलं बी इकाया?"

"मंग हितंच करतो. पुढच्या बाजारापत्तुर."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर ह्या मानसांसमोर मला चोर म्हना. मान खाली घालून ऐकंन."

"ते तर मी आत्ताच म्हनलोय."

"व्हय, म्हनलाय. म्हनून नीट झालं, तर त्यो शबुद मागं घ्यायचा. ह्याच मानसांसमोर. आत्ता जेवढ्या मोठ्यानं म्हनला, तेवढ्याच मोठ्यानं."

शेटनं हात झटकला. पण कोपऱ्यातला एक म्हातारा शेळीच्या गळ्यातली दोरी गुंडाळत म्हणाला, "वाजवी हाय त्याचं." मग शेटला हो म्हणावं लागलं.

निघण्याआधी सोपान ग्रीलजवळ वाकला. ठिपके कसेही विखुरलेले नव्हते. ते रेघांत होते, आणि रेघा वाकलेल्या होत्या. तो बघत राहिला. खांद्यापासून हात फिरवला की जसं वळण पडतं, तसं ते वळण होतं. त्याच्याच हाताचं. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं ब्रश पोचला नव्हता आणि त्यानं नुसत्या फडक्यानं पुसलं होतं, तिथं स्टील पाण्यासारखं स्वच्छ होतं.

एसटीत त्याला जागा मिळाली नाही. नगरपर्यंत तो उभा होता आणि त्याच्या डोक्यात त्या रेघा होत्या.

*

सोपानच्या शेडमध्ये तारेचा एकच ब्रश होता. बादली एक, पाण्याचा ग्लासही एक. हे गरिबीमुळं नव्हतं. दोन ब्रश घेण्याची ऐपत त्याच्यात होती. त्यानं ते ठरवून केलं होतं.

तो सहा वर्षांचा असताना गावातल्या हॉटेलच्या मागच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला टवका उडालेला एक कप. त्याची आई बनुबाई त्याला घेऊन मागच्या अंगाला जायची. कप काढायची, वरून चहा ओतला जायचा, दोघं पाळीपाळीनं प्यायचे, मग ती तो राखेनं घासून परत खिळ्याला अडकवायची. पुढं बसून पिणाऱ्यांना कप घासावा लागत नव्हता. "आपला येगळा का?" असं त्यानं एकदा विचारलं. "पी गुमान," ती म्हणाली. आजानं देव नदीत सोडून, बौद्ध धम्म घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. कप खिळ्यालाच होता.

पुढं नागापूरच्या कारखान्यात लागला, तिथं ब्रश दोन प्रकारचे. लाल मुठीचे लोखंडासाठी, निळ्या मुठीचे स्टीलसाठी. लाल मुठीचा ब्रश चुकून स्टीलच्या शेडमध्ये दिसला, की मुकादम कानिफनाथ कपाळाला हात लावून ओरडायचा, "बाटलं! सगळं बाटलं!"

नेमका हाच शब्द. सोपाननं पुढचं काही ऐकलंच नाही. ऐकायचंच नव्हतं. माणसं संपली म्हणून आता ब्रशांत स्पृश्य-अस्पृश्य करतात, असं म्हणून त्यानं युनियनकडं अर्ज दिला होता. अर्जाचं काही झालं नाही. चौऱ्याण्णवला कारखाना बंद पडला, सोपाननं पत्र्याची शेड टाकली आणि पहिल्याच दिवशी बायकोला सांगितलं, "माझ्या शेडात येगळं काही ऱ्हानार न्हाई. एक ब्रश, एक बादली, येईल त्याला एकच गलास."

गेली तीन वर्षं त्याला त्या ब्रशाचा अभिमान होता. काम बहुतेक लोखंडाचंच यायचं, त्यामुळं कधी बिनसलं नव्हतं. त्याच ब्रशानं त्यानं ग्रीलचे गंजके पाय आणि बिडाचे बर्नर घासले होते. आणि लगेच, तसाच, झाकणावर फिरवला होता.

*

कानिफनाथ आता निवृत्त होता. नागापूर गावठाणात राहायचा. सोपान गेला तेव्हा अंगणात बाज विणत बसला होता. सुंभाचं टोक दातात धरलं होतं, त्यामुळं त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं, काय?

"तात्या, लाल मुठीचा आन् निळ्या मुठीचा ब्रश येगळा का ठेवायचा आपन?"

कानिफनाथच्या तोंडातून सुंभ पडलं. "आत्ता इच्यारतोस? कारखान्याला कुलूप लागून तीन वर्सं झाली! आरं, अर्ज दिल्ता तू माझ्या नावानं. मुकादम ब्रशांत जातीभेद करतो म्हनून. सायेब आठ दिवस हसत हुतं मला."

"हसू नका, तात्या. तुमी 'बाटलं' म्हनायचा."

म्हातारा हसायचा थांबला. सुंभ उचललं, झटकलं, पुन्हा खाली ठेवलं.

"म्हनायचो," तो म्हणाला. "त्वांडात तसलेच शबुद भरल्यात आमच्या. दुसरा सुचतच न्हाई. तुला लागलं आसंल."

"लागलं."

"ते माझं चुकलं. पर ब्रश बराबर हुता, सोपान."

मग त्यानं सांगितलं. लोखंडी ब्रशाची तार घासताना झिजते. गंजक्या लोखंडावर फिरवला तर तारांत त्याचा चुरा बसतो. तोच स्टीलवर घासला की तो चुरा स्टीलच्या अंगात रुततो. डोळ्याला दिसत नाही, उलट चकाकतं. मग दव पडतं, पाणी पडतं.

"गंजतो त्यो चुरा," कानिफनाथ म्हणाला. "स्टील न्हाई गंजत. स्टील नुसतं बदनाम व्हतं."

सोपानला राग आला होता, आणि राग कुणाचा आला ते ठरेना. म्हाताऱ्याचा? म्हातारा तेव्हाही खरं सांगत होता, फक्त घाणेरड्या शब्दात. खिळ्याच्या कपाचा? त्या कपानं त्याला एवढं शिकवलं होतं की वेगळं ठेवलेलं काहीही दिसलं की ते मोडायचं. माणसाच्या बाबतीत ते मोडायलाच पाहिजे होतं. पण तारेच्या ब्रशाला अपमान होत नाही, एवढं साधं कळायला त्याला पंचेचाळीस वर्षं लागली.

"उतारा काय ह्याला?"

"कारखान्यात ॲसिडची टाकी हुती. तुला ती कुठं जमनार? लिंबूसत घे. सरबतात घालत्यात ते पांढरे खडे. कडक गरम पान्यात इरघळव, फडकी भिजवून वर अंथर, घटकाभर ऱ्हाऊ दे, मंग काथ्यानं घास. नारळाच्या. तार दिसली तरी फेकून दे. आन् मिठाचा कन बी जवळ आनू नको. मंग भरपूर पान्यानं धू."

"आन् झालं का न्हाई, कळनार कसं?"

"वलं पोतं टाक. रातभर. लोखान आसंल तर सकाळी वरडून सांगंल."

*

घरी येऊन सोपाननं बायकोचं, चांगुणाबाईचं स्टीलचं ताट उचललं.

"अवं, ते ताट कशाला? शेडात पत्रे काय कमी हायत?"

"चांगलंच स्टील पायजे."

"माझ्याच जिवावर उठा. पाच तर ताटं हायत घरात."

त्यानं ताटाच्या अर्ध्या भागावर आपला ब्रश फिरवला, अर्धा तसाच ठेवला, ओलं फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाईनं फडकं उचललं. अर्धं ताट लाल ठिपक्यांनी भरलं होतं. रेघा वाकलेल्या.

"आगं आई गं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं बघून, "म्हंजी तुमीच केलं?"

"मीच केलं."

लिंबूसताच्या गरम पाण्यानं ताट निघालं. पुन्हा ओलं फडकं, पुन्हा सकाळ. ठिपका नाही. सोपान ताट उजेडात धरून फिरवत राहिला. चांगुणाबाई मात्र पुढचा विचार करत होती. लोकांच्या घरी भांडी घासून तिनं जग बघितलं होतं.

"हे बघा," ती म्हणाली, "ठिपके जातील. पत्रा खरा हाय हे बी दिसंल. मंग शेट इच्यारंल, गंज आला कशानं? तवा मिठानं म्हना. त्यो आचारी कोंबडीला मीठ चोळतोच की. खोटं बी न्हाई तसं. मिठानं गंजतंच."

"गंजतं."

"मंग? 'माझं चुकलं' म्हनलं तर ते काय म्हनत्याल ठाव हाय का? बामनाचं चुकलं तर नजरचूक. आपलं चुकलं तर 'ह्यांना काय येतंय'."

ती बरोबर बोलत होती. सोपाननं हे आयुष्यभर बघितलं होतं. मीठ म्हणायला काहीच लागत नव्हतं. एक शब्द, आणि गोरक्षनाथाची नोकरी गेली असती. आंबट वासाचा सदरा घालून पहाटेपासून भट्टीपुढं उभा राहणारा, शेटच्या शिव्या खाणारा गोरक्ष. परवा सोपान मान खाली घालून निघाला तेव्हा एकटा तोच रस्त्यापर्यंत आला होता. "दादा, तुमी तसलं काम करनार न्हाई, मला ठाव हाय," एवढंच म्हणाला होता. तेही इकडंतिकडं बघून.

"बघू," सोपान चांगुणाबाईला म्हणाला. त्यानं जुना ब्रश घेतला आणि मुठीला लाल रंग लावला. मग बाजारातून नवा आणला, नायलॉनचा, त्याला निळा. रंग वाळेपर्यंत तो दोन्हींकडं बघत बसला. त्याला ते आवडलं नाही. पण दोन वेगवेगळे खिळे त्यानं ठोकले.

*

बाजाराच्या आदल्या दिवशी तो किलोभर लिंबूसत, काथ्याच्या चार शेंड्या आणि जुन्या धोतराची फडकी घेऊन हॉटेलात गेला. गोरक्षनाथानं पाणी उकळून दिलं. शेट खुर्ची टाकून समोर बसला.

"सरबत करतोस का काय?"

"तुमाला बी देऊ का गलासभर? आतून साफ व्हाल."

गोरक्षनाथ भट्टीकडं तोंड करून खोकला. शेट हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

दिवसभर सोपान एक एक भाग घेत होता. झाकण, बाजू, जाळीच्या काड्या एकेक करून. फडकी उचलली की खाली पिवळसर पाणी सुटलेलं असायचं. त्याच्या बोटांच्या भेगांत लिंबूसत झोंबत होतं. संध्याकाळी धुऊन ग्रील उभी केली तेव्हा ती पहिल्यासारखी चकचकीत नव्हती, जरा मंद होती. सोपाननं तिला चकचकीत करायचा प्रयत्नही केला नाही.

"आता वलं पोतं टाका," तो शेटला म्हणाला. "तुमीच टाका. दोरी बी तुमीच बांधा. गाठ तुमची. सकाळी मानसं आल्यावर तुमीच सोडा. डब्याचा पत्रा आसंल तर लाल होईल."

शेटनं तीन गाठी मारल्या.

रात्री गावीच मुक्काम करून सकाळी सोपान चालत आला तेव्हा हॉटेल भरलं होतं. बातमी बाजारापर्यंत गेली होती. मागच्या खेपेचा म्हातारा आज शेळीशिवाय आला होता, नुसतं बघायला. शेटनं दोरी सोडली, पोतं ओढलं.

झाकण कोरं. बाजू कोऱ्या. मग बिजागरीखालून एक लाल ओघळ आलेला दिसला.

"हे काय? हे काय हाय?" शेट ओरडला. "आला ना गंज!"

सोपान वाकला. ओघळावरून अंगठा फिरवला. ओघळ पुसला गेला, खाली पांढरं स्टील. मग बिजागरीतली खीळ त्यानं पक्कडीनं ओढून काढली आणि शेटच्या हातावर ठेवली. खीळ लोखंडाची होती, मूळचीच, आणि लाल झाली होती.

"लोखान एका रातीत आसं दिसतं, शेट. आता बाकीच्या पत्र्यावर असं दावा. कुठं बी."

शेटनं चष्मा लावला. ग्रीलभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. म्हाताराही त्याच्या मागोमाग फिरला. लोहचुंबक जिथं चिकटलं होतं त्या पत्र्यावर शेटनं नख ओढलं.

"स्टीलच हाय की ओ," म्हातारा म्हणाला.

"बरं, स्टील हाय," शेट म्हणाला. "मंग गंजलं हुतं कशानं?"

गोरक्षनाथ भट्टीजवळ झारा घेऊन उभा होता. त्याच्या मागं फळीवर मिठाची बरणी होती. सोपानला ती दिसली. चांगुणाबाईचं बोलणंही आठवलं.

"माझ्यामुळं," सोपान म्हणाला.

"आं?"

"लोखंडाला घासलेला ब्रश मी स्टीलला घासला. त्याचा चुरा बसला, त्यो गंजला. हे मला कारखान्यात सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. चूक माझी हाय, शेट. म्हनून आजच्या कामाचं काही घेनार न्हाई. पर ती चूक हाय. चोरी न्हाई. ह्यातला फरक तुमाला मोठ्यानं म्हनावा लागंल."

बाहेर एका टेंपोत मेंढ्या ओरडत होत्या.

"बरं, न्हाई केली चोरी," शेट खीळ बोटांत फिरवत पुटपुटला.

"मागच्या बारीला भज्याच्या कढईपत्तुर ऐकू गेल्तं."

"आरं..."

"ठरलं हुतं, शेट," म्हातारा म्हणाला.

सूर्यभान शेटनं घसा खाकरला. त्याचं तोंड लाल झालं होतं. मग तो इतका मोठ्यानं ओरडला की मेंढ्याही गप्प झाल्या. "ह्या मानसानं चोरी केलेली न्हाई! ऐकलं का सगळ्यांनी? मी बोललो ते खोटं बोललो!" आणि सवयीनं, उरलेली थोडी इज्जत राखायला, "कामात चुकतो पर लेकाचा!"

"तेवढं कबूल," सोपान म्हणाला.

हसू फुटलं. कुणीतरी बाकावरून सरकून सोपानला जागा केली, पण तो बसला नाही. बाजारात भांड्यांवर नावं घालणारा एकजण भजी खायला आला होता, त्याचं यंत्र बाकाखाली होतं. सोपाननं ते मागून घेतलं, वायर गोरक्षनाथाकडं दिली आणि ग्रीलच्या मागच्या पत्र्यापुढं उकिडवा बसला.

"ए, काय करतोस?" शेट पुढं आला. "भांड्यावर देनाऱ्याचं नाव घालत्यात. पैशे माझं गेल्यात."

"भांडं तुमचंच हाय. हे तक्रारीसाठी हाय. उद्या गंजलं, तर कुनाच्या दारात जाऊन वरडायचं, ते लोकांना कळू द्या."

शेटनं हातातली खीळ खिशात टाकली. मग म्हणाला, "गावाचं नाव बी टाक मंग. न्हाईतर हुडकायचं कुठं?"

यंत्र कुरकुरायला लागलं. सोपानचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं. सातवीनंतर त्यानं सहीशिवाय फारसं काही लिहिलं नव्हतं. ठिपक्या-ठिपक्यांनी त्यानं आधी आडनाव घातलं, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. मग सोपान. मग नागापूर. शेवटचा रकार जरा तिरका गेला.

त्यानं यंत्र बंद केलं. यंत्राची सुई लोखंडाची होती. उरलेल्या लिंबूसताच्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि नावाच्या एकेका ठिपक्यावरून सावकाश फिरवलं.